दीड लिटर लाल तेल

रविवारी दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी मिस्त्रींनी जावयाच्या गाडीचं बॉनेट उघडलं. उघडा म्हणून त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

लेकीकडे जेवायला आले होते. ताटं मांडायला अजून अर्धा तास होता. बायको स्वयंपाकघरात लेकीशी गप्पा मारत होती, जावई फोनवर होता, आणि मिस्त्रींना नुसतं बसून राहायची सवय नव्हती. शहराच्या दुसऱ्या टोकाला त्यांचं गॅरेज होतं. ट्रक, टेम्पो, जुन्या डिझेल गाड्या. इंजिनाचा आवाज ऐकून दुखणं ओळखतात अशी त्यांची ख्याती होती. ती बरीचशी खरी होती आणि थोडीशी त्यांनीच पसरवलेली होती. तीस वर्षं हे केलेल्या माणसासमोर फाटकापाशी गाडी उभी असली, की त्याचे हात शिवशिवायला लागतात.

मागून व्याही आले. जावयाचे वडील. हॉस्पिटलची अँब्युलन्स बत्तीस वर्षं चालवून निवृत्त झालेले, मुलाच्याच घरात राहणारे, चार शब्दांच्या जागी दोन वापरणारे. गाडी मुलाच्या नावावर होती, पण तिचं सगळं हेच बघत. मंगळवारी आणि शुक्रवारी विहीणबाईंना टेकडीवरच्या हॉस्पिटलात व्यायामाला न्यायचं कामही त्यांचंच. विहीणबाईंचा गुडघा तीन महिन्यांपूर्वी बदलला होता.

"कालच बघितलंय मी सगळं," व्याही म्हणाले. "गिअरचं तेल थोडं कमी होतं, तेवढं घातलं."

"तुम्ही घातलंत?" मिस्त्री हसले. "किती?"

"पाव लिटर."

गाडी ऑटोमॅटिक होती, क्लच नसलेली. दहा वर्षं जुनी, त्यामुळे गिअरबॉक्सचं तेल मोजायला तिला अजून डिपस्टिक होती. नव्या गाड्यांना बहुतेक नसते. मिस्त्रींनी ती लांब पट्टी ओढून काढली, खिशातल्या फडक्याने पुसली, परत आत घातली, परत काढली. लाल तेल वरच्या खुणेच्या दोन बोटं वर चढलं होतं.

"जावईबापू," त्यांनी घराकडे तोंड करून हाक मारली. "जरा बाहेर या. तुमच्या गाडीला अजीर्ण झालंय."

जावई आला. त्याच्यामागून लेक आली, हातात झारा तसाच. मिस्त्रींची बायको आली आणि काठी टेकत विहीणबाईही दारापर्यंत आल्या. एवढी माणसं जमल्यावर मिस्त्रींनी पट्टी आडवी धरून सगळ्यांना दाखवली.

"ही खूण. आणि तेल इथवर. व्याही, हे पाव लिटर कुठल्या मापाचं?"

"मिस्त्री, ती पट्टी गाडी चालू..." व्याही बोलायला लागले.

"गाडी चालू करायचं काम तुमचं. बंद पडली की बघायचं आमचं. आयुष्यभर असंच चाललंय, नाही का?" मिस्त्री म्हणाले. "सलाईन चढवताना बघत बसायची सवय यांना. थांबवायचं कधी, ते नर्स सांगायची."

सगळे हसले. लेकही हसली. व्याहीही हसले, पण सगळ्यांचं हसून झाल्यावर.

मिस्त्रींनी आपल्या गाडीतून मोठी पिचकारी आणि बारीक नळी आणली. नळी पट्टीच्या भोकातून आत सोडून त्यांनी तेल उपसलं आणि पाण्याच्या रिकाम्या बाटलीत भरलं. दीड लिटर निघालं. मग पट्टी परत बघितली. तेल बरोबर खुणेवर. जेवताना ती बाटली चपलांशेजारी भिंतीला टेकवून ठेवली होती, आणि येता-जाता प्रत्येकाची नजर तिच्यावर पडत होती. स्वच्छ लाल होतं तेल. निघताना मिस्त्रींनी ती बाटलीही उचलली आणि व्याह्यांनी जिन्याखाली ठेवलेला तेलाचा डबाही.

"हा माझ्याकडे राहू दे. नाहीतर परत मोह व्हायचा."

*

त्याच संध्याकाळी जावई ऑफिसच्या कामासाठी गाडी घेऊन परगावी गेला. मधे घाटाचा रस्ता होता. मंगळवारी सकाळी नऊ चाळीसला तो परतला आणि विहीणबाईंची हॉस्पिटलातली वेळ दहाची होती. फाटकातच त्याने किल्ली वडिलांच्या हातात दिली.

दहाला दोन मिनिटं कमी असताना टेकडीच्या चढावर गाडीचं इंजिन गरजलं आणि गाडी मात्र जागची हलेना. मग ती मागे यायला लागली. मागे सामानाची व्हॅन होती. व्याह्यांनी हँडब्रेक ओढला, चाकं कडेच्या कठड्याला वळवून टेकवली आणि गाडी थांबवली. व्हॅनला ओरखडाही उठला नाही. विहीणबाईंना त्यांनी हाताला धरून उतरवलं आणि एका बुटक्या भिंतीवर बसवलं. ओढून नेणारी गाडी यायला दीड तास लागला. तेवढा वेळ त्या उन्हात, नवा गुडघा लांब करून बसून होत्या. बत्तीस वर्षांत या माणसाने एकही रुग्ण रस्त्यात सोडला नव्हता. पहिला सोडला तो घरचा.

जावयाचा फोन आला तेव्हा मिस्त्री एका ट्रकखाली होते.

"अप्पा, गाडी चढावर बसली. गिअरच घेत नाही."

"मी रविवारीच म्हटलं होतं," मिस्त्री तिथूनच म्हणाले. "तेल जास्त झालं की फेस होतो. फेस झाला की आतलं सगळं जळतं. आपण काढलं, पण उशीर झाला असणार."

हे ऐकायला अगदी पटण्यासारखं होतं. जावयाला पटलं. मिस्त्रींनाही पटलं, आणि ते परत पाना फिरवू लागले.

त्या संध्याकाळी जावयाने गाडीची दुसरी किल्लीही वडिलांकडून मागून घेतली. "बाबा, राग मानू नका. पण आता बॉनेट उघडायचं नाही. दुरुस्त होऊन आली तरी चालवायचंही राहू द्या." व्याह्यांनी खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली. मिस्त्रींना हे बायकोकडून कळलं, तिला लेकीकडून.

"आता ती दोघं बसने जातात," बायको म्हणाली. "बसची पायरी उंच. हे मागून धरतात, कंडक्टर पुढून ओढतो. सगळी बस बघत असते. मला तर ऐकूनच कसंतरी झालं."

"वय झालं की माणसाने दुसऱ्याचं ऐकावं," मिस्त्री म्हणाले.

हेही ते म्हणाले होते. पुढे दोन आठवडे त्यांना आपलंच एकेक वाक्य आठवत राहिलं. हे त्यातलं सगळ्यात वाईट नव्हतं.

*

मिस्त्रींच्या गॅरेजात ऑटोमॅटिक गिअरबॉक्स उघडत नसत. त्यासाठी स्टेशनमागच्या गल्लीत वेगळं वर्कशॉप होतं आणि ते एक बाई चालवत. पंचेचाळिशीच्या, केस टोपीत कोंबलेले, बोलताना समोरच्याकडे न बघता हातातल्या कामाकडे बघणाऱ्या. गाडी त्यांच्याकडेच टाकली होती. सोमवारी मिस्त्री एकटेच चौकशीला गेले. आपण गेलो म्हणजे काम नीट होईल, असा त्यांचा हिशोब होता.

गिअरबॉक्स टेबलावर उघडा पडला होता. काळ्या पडलेल्या चकत्या ओळीने मांडल्या होत्या आणि जळकट वास दारापर्यंत येत होता.

"जास्त तेलाने झालं ना?" मिस्त्रींनी विचारलं.

"कुणी सांगितलं जास्त?" बाई म्हणाल्या. "दीड लिटर कमी होतं."

"गळती असेल."

"मीही आधी तेच शोधलं. सील कोरडे, पाइप कोरडे, खालचं चेंबर कोरडं. आणि पिऊन टाकायला गाडीला तोंड नाही. कुणीतरी काढलंय."

बाईंनी एक चकती उचलून उजेडात धरली.

"तुम्ही इंजिन ऑइल कसं बघता? गाडी बंद करायची, पाच मिनिटं थांबायचं, मग पट्टी काढायची. बरोबर? या गाडीचं गिअरचं तेल बरोबर उलटं. गाडी गरम हवी, सपाट जागेवर हवी. सगळे गिअर एकदा फिरवायचे, परत पार्किंगला आणायचं, आणि इंजिन चालू असतानाच पट्टी काढायची. इंजिन बंद केलं की वरचं तेल खाली चेंबरमध्ये उतरतं. पट्टी दोन बोटं जास्त दाखवते. मग कुणीतरी शहाणा म्हणतो, अरे जास्त झालं, आणि उपसतो. झालं. पहिल्या घाटात निकाल."

"दोन बोटं," मिस्त्री म्हणाले.

"साधारण. वर्षाला दोन-तीन गाड्या येतात अशा. आणि हे घरच्या माणसाचं काम नसतं हं. घरचा माणूस घाबरतो, पट्टीला हात लावत नाही. हे ज्याला अर्धं कळतं त्याचं काम." मग पहिल्यांदा त्यांनी वर बघितलं. "आहे का कुणी तुमच्याकडे असा?"

मिस्त्रींच्या कानाच्या पाळ्या तापल्या. वर्कशॉपात आणखी दोन माणसं काम करत होती. एकाने हातोडी मारायची थांबवली होती. तो मिस्त्रींना ओळखत होता. या धंद्यात सगळेच त्यांना ओळखत होते.

"आमचे व्याही," मिस्त्री म्हणाले. "त्यांना हात घालायची सवय आहे."

"तरी म्हटलं," बाई म्हणाल्या. त्यांनी टेबलावरची डिपस्टिक उचलून त्यांच्या हातात दिली. "त्यांना हे दाखवा. मुठीच्या खाली कोरलेलं आहे. वाचा."

मुठीच्या खाली खरंच बारीक अक्षरांची एक ओळ होती. रविवारी त्यांना ती दिसली होती. पार्टचा नंबर असेल असं वाटून त्यांनी तिच्यावरून नुसतं फडकं फिरवलं होतं. चष्मा वरच्या खिशात होता.

"वाचतो नंतर," ते म्हणाले आणि पट्टी टेबलावर ठेवली.

घरी येऊन ते जेवले नाहीत. बायकोने विचारलं तर पोट बरं नाही म्हणाले. चूक झाली याची लाज त्यांना पचवता आली असती. चुका सगळ्यांच्या होतात, हे त्यांनी कितीतरी गिऱ्हाइकांना समजावलं होतं. पण ते 'आमचे व्याही' पचत नव्हतं. ते शब्द कुणी त्यांच्याकडून काढून घेतले नव्हते. त्यांनी स्वतःहून दिले होते.

बुधवारी त्यांनी व्याह्यांना फोन लावला. एकट्यात सांगून टाकावं, म्हणजे त्यांच्या तोंडून हळूच घरात पोचेल.

"बोला मिस्त्री."

"काही नाही. विहीणबाईंचा गुडघा कसा आहे?"

"वाकतोय. बसच्या पायरीने बराच व्यायाम होतो."

व्याह्यांनी टोमणा मारला की नुसतं सांगितलं, ते मिस्त्रींना कळलं नाही. "बरं आहे मग," ते म्हणाले आणि फोन ठेवला. बरं काय होतं त्यात, हा विचार त्यांना नंतर सुचला.

*

पुढच्या शनिवारी गाडी तयार झाली. जावई आणायला निघाला. व्याह्यांना त्याने विचारलं नव्हतं, पण ते बूट घालून फाटकाशी उभे होते, म्हणून बरोबर घेतलं. मिस्त्री थेट वर्कशॉपवर आले. न येणं जास्त संशयास्पद दिसेल, असं त्यांना वाटलं होतं.

बाईंनी गाडी चालवून दाखवली, काय काय बदललं ते जावयाला सांगितलं. मग त्या व्याह्यांकडे वळल्या.

"काका, तुम्हीच का ते?"

"कोण?"

"तेल काढणारे. मिस्त्री म्हणाले मला." त्या रागावलेल्या नव्हत्या. लहान मुलाला रस्ता ओलांडायला शिकवावं तशा सुरात बोलत होत्या. "असं करायचं नाही, काका. ही पट्टी बंद गाडीवर बघायची नसते. इथे लिहिलेलंच आहे, बघा. आधी गाडी गरम करायची..."

त्यांनी सगळं पहिल्यापासून सांगितलं. व्याही हात पाठीमागे बांधून ऐकत होते. जावई खाली बघत होता. मिस्त्री तीन फुटांवर उभे होते. बाईंचं बोलणं संपायच्या आत 'अहो, ते नव्हे, मी' एवढे चार शब्द म्हणायला भरपूर वेळ होता. त्यांनी तो सगळा वेळ समोरच्या भिंतीवर लावलेले पाने मोजण्यात घालवला. बावीस होते.

"कळलं ना?" बाईंनी विचारलं.

व्याह्यांनी एकदा मिस्त्रींकडे बघितलं. पटकन, आरशात मागची गाडी बघावी तसं.

"कळलं," ते म्हणाले. "लक्षात ठेवीन."

घरी जाताना जावई गाडी चालवत होता. मिस्त्रींना मान म्हणून पुढे बसवलं होतं, व्याही मागे.

"अप्पा, समोरच्या कप्प्यात बाईंचा कागद ठेवलाय. वॉरंटी किती महिने लिहिलीय बघता का जरा?"

मिस्त्रींनी कप्पा उघडला. कागदाच्या खाली एक वही होती, जाड पुठ्ठ्याची, रबरबँड लावलेली. ती हाताबरोबर बाहेर आली आणि मांडीवर उघडली गेली.

पानावर रकाने आखलेले होते. तारीख. इंजिन चालू की बंद. पातळी. रंग. कोणी. आणि शेवटच्या रकान्यात प्रत्येक तारखेसमोर टिपकागदाचा नाण्याएवढा तुकडा चिकटवलेला होता. प्रत्येक तुकड्यावर तेलाचा एक थेंब पसरलेला. महिन्याला दोन. पानामागून पान गुलाबी-लाल ठिपके, एकासारखा एक.

मिस्त्रींनी चष्मा लावला.

जेवणाच्या आदल्या दिवशी, शनिवारी: 'चालू. खुणेखाली एक दोरा. पाव लि. घातले. परत पाहिले, बरोबर.' कोणीच्या रकान्यात व्याह्यांची सही. ठिपका लाल.

रविवार: 'बंद असताना पाहिले. १.५ लि. काढले.' कोणीचा रकाना रिकामा. ठिपका लाल. म्हणजे बाटली चपलांशेजारी उभी असताना या माणसाने तिच्यातून एक थेंब घेतला होता.

मंगळवार: 'चढावर बंद पडली. उतार असल्याने पातळी बघता येत नाही.' ठिपका तपकिरी, मधोमध काळा.

त्यापुढे पान कोरं होतं. त्यानंतर किल्ली काढून घेतली होती.

"किती महिने?" जावयाने विचारलं.

"अं?"

"वॉरंटी."

"बारा," मिस्त्री म्हणाले. त्यांनी कागद बघितलाच नव्हता. त्यांनी वही मिटली. मागच्या सीटकडे वळून बघायची त्यांची हिंमत झाली नाही. पान फाडता आलं असतं, हा विचार त्यांच्या मनात येऊन गेला. तो आला याचीच त्यांना इतकी लाज वाटली, की वही कप्प्यात परत ठेवायलाही हात धजेना. ती त्यांनी मांडीवर तशीच धरून ठेवली, घर येईपर्यंत.

*

घरी चहा ठेवलेला होता. लेकीने कप मांडले. मिस्त्रींची बायकोही सकाळपासून तिथेच आली होती, आणि विहीणबाई खुर्चीत पाय स्टुलावर ठेवून बसल्या होत्या.

"काय म्हणाल्या गिअरबॉक्सवाल्या?" लेकीने नवऱ्याला विचारलं.

"बाबांना शिकवणी घेतली त्यांनी," जावई म्हणाला. त्याने हलकं करायचा प्रयत्न केला. "बाबा, पास झालात का?"

व्याही कपात साखर ढवळत होते.

मिस्त्रींनी वही टेबलावर ठेवली. मनात त्यांनी सुरुवात तयार केली होती. 'झालं काय, की माणसाकडून कधी कधी...' अशी. तोंडातून भलतंच आलं.

"मी काढलं होतं तेल."

"ते माहितीये की," लेक म्हणाली. "रविवारी. जास्त झालं होतं म्हणून."

"जास्त नव्हतं. बरोबर होतं. मी गाडी बंद ठेवून बघितलं. ती चालू ठेवून बघायची असते. व्याह्यांनी घातलेलं बरोबर होतं. मी दीड लिटर उपसलं, म्हणून गिअरबॉक्स जळला."

बायकोने कप खाली ठेवला.

"आणि बाई म्हणाल्या, कुणी काढलं? तर मी यांचं नाव सांगितलं." मिस्त्री टेबलाच्या कडेकडे बघून बोलत होते. "सोमवारी सांगितलं. आज त्या यांना बोलल्या तेव्हा मी तिथेच होतो. तेव्हाही गप्प बसलो."

"अप्पा," लेक म्हणाली. ती स्वतः त्या रविवारी हसली होती, ते तिला आठवत असावं. ती उठली, गॅस बंद होता तो परत बंद करून आली.

जावयाने वही उघडली होती. तो एकेक पान उलटत होता. "बाबा, हे तुमच्याकडे होतं? मग दाखवलंत का नाही?"

"त्या संध्याकाळी तू निघालास तेव्हा म्हटलं होतं तुला. तेल कमी आहे, बघून जा."

"मी म्हणालो..."

"तू म्हणालास, बाबा, आता पुरे."

जावयाने वही मिटली.

"आणि नंतर काय दाखवायचं?" व्याही म्हणाले. "सून या घरात. तिच्या बापाला खोटं पाडून मी रोज कुठल्या तोंडाने तिच्या हातचं जेवणार?" त्यांनी चहाचा घोट घेतला. "माझंही चुकलं. मंगळवारी निघताना गिअर टाकला तेव्हा धक्का बसला होता. कळलं होतं मला. दहा मिनिटं थांबून बघायला हवं होतं. वेळेवर पोचायची खोड गेली नाही."

"तुमचं काही चुकलं नाही, व्याही," मिस्त्री घाईने म्हणाले.

"माझं किती चुकलं ते मी ठरवीन. तेही तुम्हीच मोजू नका."

हे त्यांनी आवाज न चढवता म्हटलं. मिस्त्रींना वाटलं, चढवला असता तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्या माणसासमोर मान खाली घालणं सोपं असतं.

"ते सगळं ठीक," विहीणबाई स्टुलावरचा पाय हलवत म्हणाल्या. "पण मंगळवारी मी बसने जायचंय की गाडीने, ते सांगा कुणीतरी. तो कंडक्टर आता मला आत्या म्हणायला लागलाय."

मिस्त्रींची बायको हसली आणि लगेच थांबली. जावई उठला, आतून दुसरी किल्ली घेऊन आला आणि वडिलांच्या कपाशेजारी ठेवली. "बाबा..." तो म्हणाला. व्याह्यांनी मान हलवली, म्हणजे पुढचं बोलू नको. पण किल्ली त्यांनी लगेच उचलली नाही. आधी चहा संपवला, बशी पुसली, कप त्यात ठेवला.

"मिस्त्री, चला बाहेर."

फाटकापाशी गाडी उभी होती. वाटेत इंजिन तापलं होतंच. व्याही स्टिअरिंगमागे बसले, इंजिन सुरू केलं, ब्रेकवर पाय ठेवून गिअरचा दांडा एकेका खाचेतून सावकाश शेवटपर्यंत नेला आणि परत पार्किंगला आणला. मग खिडकीतून वही आणि पेन बाहेर काढून धरलं.

"आधी तो रविवारचा रकाना भरा. आमच्या अँब्युलन्सच्या डेपोत नियम होता. दुसऱ्याच्या तोंडी शब्दावर गाडी घ्यायची नाही, थेंब बघून घ्यायची. आणि ज्याने हात लावला त्याने नाव लिहायचं. दुसऱ्याने त्याच्यासाठी लिहायचं नाही. म्हणून रिकामा ठेवला."

मिस्त्रींनी वही बॉनेटच्या कडेवर टेकवली. गॅरेजच्या पावतीवर ते एक गिचमिड सही करत, कुणालाच न वाचता येणारी. इथे त्यांनी पूर्ण नाव लिहिलं, शाळेत लिहायचे तसं, अक्षर अक्षर सुटं. इंजिनाच्या थरथरीने शेवटची दोन अक्षरं हलली. दारात बाकीची माणसं येऊन उभी राहिली होती, त्या रविवारी उभी होती तशीच. आज कुणाच्या हातात झारा नव्हता.

"त्या बाईंनाही सांगतो," मिस्त्री म्हणाले. "आत्ताच फोन करतो."

"फोन नको. जाऊन सांगा. तिथे काम करणारी माणसंही असतील तेव्हा." व्याह्यांनी काच पूर्ण खाली केली. "काढा पट्टी."

मिस्त्रींनी बॉनेट उघडून पट्टी ओढली, पुसली, आत घातली, परत काढली. टिपकागदाचा तुकडा घ्यायला ते विसरले होते. व्याह्यांनी तो खिडकीतून पुढे केला. थेंब पडला आणि पसरला.

"रंग?"

"लाल."

"पातळी?"

मिस्त्रींनी पट्टी डोळ्यांपासून लांब धरली. मग जवळ आणली. "खुणेवर आहे बहुतेक."

"बहुतेक नको," आतून व्याही म्हणाले. "चष्मा लावून सांगा."

मिस्त्रींनी वरच्या खिशातून चष्मा काढून लावला. पातळीच्या आधी मुठीखालची ती बारीक ओळ त्यांना स्वच्छ दिसली. ती त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, आणि मग पातळी सांगितली.